क कमळाचा, एफ फॉक्सट्रॉटचा : अक्षरशब्दांचा एक आढावा

तारेतून अथवा बिनतारी लहरींतून जाणारा मनुष्याचा आवाज वाटेत पुष्कळच झिजतो. आणि स्वरांपेक्षा व्यंजनेच अधिक झिजत असल्यामुळे, एका शब्दाला दुसऱ्या शब्दापासून वेगळे ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे असते, तेच ध्वनी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत सर्वांत क्षीण होऊन पोहोचतात. जुन्या धाटणीचा दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच कंपनांचा पट्टा वाहून नेत असे, आणि 'स' व 'फ' या घर्षक ध्वनींची बरीचशी शक्ती त्या पट्ट्याच्या वरच्या बाजूस असल्याने, इंग्रजी 'एस' कोणता आणि 'एफ' कोणता हे केवळ कानाने ठरविणे कठीण होऊन बसे. 'एम' आणि 'एन' यांची तीच गत. 'बी', 'डी', 'पी', 'टी' यांची तर त्याहून वाईट. म्हणून अक्षराचे नाव न उच्चारता त्या अक्षराने आरंभ होणारा एखादा ठसठशीत शब्द उच्चारावा, अशी तजवीज निघाली. या शब्दांना आपण सोयीसाठी अक्षरशब्द म्हणू. विषय वरकरणी लहान आहे. परंतु त्याच्या पोटात ध्वनिशास्त्र आहे, दोन महायुद्धांचा इतिहास आहे, कोडी आणि कोट्या आहेत, एका राष्ट्राच्या द्वेषाची नोंद आहे, आणि मराठीपुरते बोलायचे तर एक राहून गेलेले कामही आहे.

आज विमाने, जहाजे, सैन्यदले आणि हौशी बिनतारी मंडळी जी सूची वापरतात, तिचे सव्वीस शब्द असे : अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माईक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्यूबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. ही सूची एका बैठकीत जन्मास आली नाही. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश लष्कराच्या संदेशवाहकांनी ऐकताना फसविणाऱ्या मोजक्या अक्षरांनाच वेगळी नावे दिली होती : 'ए' म्हणजे ॲक, 'एम' म्हणजे एमा, 'पी' म्हणजे पिप, 'टी' म्हणजे टॉक. विमानविरोधी तोफांना ॲक-ॲक हे नाव पडले ते याच रिवाजातून; सकाळची वेळ ॲक एमा आणि दुपारनंतरची पिप एमा झाली तीही याच वाटेने. बेल्जममधील पोपरिंग या गावी १९१५ च्या डिसेंबरात सैनिकांच्या विश्रांतीसाठी उघडलेले टॅलबॉट हाउस हे आद्याक्षरांवरून 'टॉक एच' म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्या नावाची संस्था युद्ध संपल्यावरही चालू राहिली.

यानंतरचा टप्पा मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात भूगोलाचा सुवास आहे. १९३२ च्या आंतरराष्ट्रीय सूचीत बहुतेक शब्द स्थळांचे होते : ॲमस्टरडॅम, बाल्टिमोर, कासाब्लांका, डेन्मार्क, येथपासून योकोहामा आणि झुरिक येथपर्यंत. मध्येच एडिसन हा संशोधक, किलोग्रॅम हे वजन आणि 'एक्स'साठी सॉक्रेटिसाची पत्नी झँथिपी, असे तीन पाहुणे येऊन बसलेले. सूची विद्वत्तापूर्ण होती. परंतु तोफांच्या गडगडाटात कासाब्लांका आणि मादागास्कर असे लांबलचक उच्चार करीत बसण्यास सवड कोणास असणार? १९४१ मध्ये अमेरिकेच्या भूदल व नौदलाने मिळून एबल, बेकर, चार्ली, डॉग ही आटोपशीर सूची मुकरर केली आणि पुढे ब्रिटिश वायुदलानेही तीच उचलली. 'संदेश मिळाला' याची खूण म्हणून तारयंत्रावर 'आर' हे अक्षर पाठविले जाई, आणि त्या सूचीत 'आर'चा शब्द रॉजर होता. म्हणून आज 'आर' रोमिओ होऊनही सर्व जगाच्या वैमानिकांच्या तोंडी 'रॉजर' हाच होकार उरला आहे. १९४६ साली बिकिनी बेटावर झालेल्या दोन अणुस्फोटांची नावे एबल आणि बेकर हीच होती, आणि १९५९ साली अंतराळात जाऊन सुखरूप परतलेल्या दोन माकडिणींनाही तीच नावे लाभली.

एबल-बेकर सूचीचा दोष एवढाच की ती इंग्रजी जिभेसाठी होती. युद्धानंतर विमानवाहतूक खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय झाली, आणि फ्रेंच अथवा स्पॅनिश भाषकाने योक, हाउ, जिग असले शब्द कोणत्या न्यायाने उच्चारावेत, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेपुढे उभा राहिला. माँट्रिऑल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल व्हिने यांच्याकडे नव्या सूचीचे काम सोपविण्यात आले. शब्द इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांत जिवंत असावा, वैमानिकांना सहज उच्चारता यावा, बिनतारी यंत्रावर स्पष्ट उमटावा, तिन्ही भाषांत त्याचे लेखन शक्य तो समान असावे आणि त्यास कोणताही अप्रशस्त संबंध चिकटलेला नसावा, अशा अटी ठरल्या. ही सूची १ नोव्हेंबर १९५१ पासून अंमलात आली. मात्र तिच्यात चार्लीच्या जागी कोका, माईकच्या जागी मेट्रो, नोव्हेंबरच्या जागी नेक्टर, युनिफॉर्मच्या जागी युनियन आणि एक्स-रेच्या जागी एक्स्ट्रा असे शब्द होते.

येथे जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. नवी सूची विद्वानांनी केली, हुकूम सुटला, परंतु वैमानिकांच्या कानांनी तिला रुजू करून घेतले नाही. नेक्टर आणि व्हिक्टर, डेल्टा आणि एक्स्ट्रा यांची गल्लत होऊ लागली आणि कित्येक वैमानिक पुन्हा एबल-बेकरकडे वळले. तेव्हा संघटनेने हट्ट न धरता एकतीस राष्ट्रांच्या भाषकांवर नव्याने श्रवण-परीक्षा घेतल्या. या परीक्षांतून निघालेला एक निष्कर्ष असा की सुटा शब्द म्हणून फॉक्सट्रॉटपेक्षा फुटबॉल अधिक अचूक ओळखला जाई, परंतु अनेक अक्षरशब्दांच्या सलग माळेत मात्र फॉक्सट्रॉटच सरस ठरे. शब्दाची पारख एकट्याने नव्हे, संगतीत करावी लागते, हे तत्त्व ज्या दिवशी मान्य झाले त्या दिवशी ही सूची खऱ्या अर्थाने शास्त्रीय झाली असे मी मानतो. वर सांगितलेले पाच शब्द बदलून १ मार्च १९५६ पासून जी सूची लागू झाली तीच आजतागायत चालू आहे. तिच्या लेखनातही तीच काळजी आहे : रोमन लिपीत अल्फा हा शब्द 'पीएच'ऐवजी 'एफ'ने लिहिला जातो, कारण 'पीएच'चा उच्चार 'फ' होतो हे प्रत्येक भाषेच्या वाचकास ठाऊक असेलच असे नाही, आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन 'टी' येतात, कारण फ्रेंच वाचक शेवटचा एकटा 'टी' मूक समजून गिळून टाकील. आकड्यांचीही अशीच व्यवस्था आहे. 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांची गल्लत टाळण्यासाठी वैमानिक 'फाइफ' आणि 'नायनर' म्हणतात.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत या सूचीवर प्रश्न येतात ते बहुधा 'क्यूसाठी कोणता शब्द' या जातीचे. असल्या प्रश्नांनी पाठांतर कळते, ज्ञान कळत नाही. त्याऐवजी नेक्टर का गेला, अल्फाच्या अंगी 'एफ' का आला, विमानाच्या घड्याळातील वेळेला झुलू का म्हणतात, असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर फार मनोरंजक आहे. पृथ्वीच्या कालविभागांना लष्करी व नाविक व्यवहारात एकेक अक्षर दिलेले आहे. ग्रीनिचच्या शून्य रेखांशाचा विभाग 'झेड' म्हणजे झुलू, त्याच्या पूर्वेस एक तास पुढे अल्फा, दोन तास पुढे ब्राव्हो, याप्रमाणे. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे ती एको आणि फॉक्सट्रॉट यांच्या मधोमध पडते, आणि ज्या विभागाला इंडिया हे नाव आहे तो नऊ तास पुढचा, म्हणजे जपानच्या वेळेचा! 'इंडियाची वेळ कोणत्या देशाची?' हा प्रश्न मी कोणत्याही सभेत विचारण्याजोगा समजतो, कारण उत्तर शोधताना संपूर्ण नकाशा डोळ्यांपुढे उभा करावा लागतो.

सूचीतील सव्वीस शब्दांची वर्गवारी करणे हीही एक उत्तम करमणूक आहे. ग्रीक अक्षरे दोन, अल्फा आणि डेल्टा. नृत्ये दोन, फॉक्सट्रॉट आणि टँगो. शेक्सपिअरच्या एकाच नाटकातील नायक-नायिका दोन. देश एकच, आणि तो आपला. पेरूची राजधानी, कॅनडाचा एक प्रांत, एक महिना, एक खेळ, एक मद्य, आणि राँटगेनने १८९५ साली शोधलेले किरण. उच्चाराच्या अंगाने पाहिले तर एकाच अवयवाचे शब्द फक्त दोन आढळतात, गोल्फ आणि माईक. तीन अवयवांचे सहा, ते म्हणजे इंडिया, ज्युलिएट, नोव्हेंबर, रोमिओ, सिएरा आणि युनिफॉर्म. उरलेले अठरा द्व्यवयवी. हे प्रमाण आपोआप आलेले नाही. एकावयवी शब्द खरखरीत बुडतो, चार अवयवांचा शब्द वेळ खातो, आणि दोन अवयवांत कान सर्वांत सुखी असतो.

आपल्या नित्याच्या जगातील अक्षरे या शब्दांत घालून पाहिली म्हणजे त्यांना वेगळीच कांती येते. मुंबईच्या विमानतळाचा आंतरराष्ट्रीय चतुरक्षरी संकेत उच्चारताना वैमानिक व्हिक्टर अल्फा ब्राव्हो ब्राव्हो म्हणतो, म्हणजे जणू या नगरीस दोनदा शाबासकी देऊनच तो तिचे नाव घेतो. पुण्याचा संकेत व्हिक्टर अल्फा पापा ऑस्कर, नागपूरचा व्हिक्टर अल्फा नोव्हेंबर पापा. भारताच्या पश्चिम विभागाचा 'अल्फा' गोव्याच्या दाभोळीस मात्र लागत नाही. दक्षिण विभागात घातल्यामुळे ती व्हिक्टर ऑस्कर गोल्फ ऑस्कर झाली आहे. भारतीय विमानाच्या अंगावर आरंभी 'व्ही टी' ही अक्षरे असतात, आणि त्यांचा अर्थ 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा लावून त्याबद्दल रोष व्यक्त करण्याची रीत आहे. वस्तुतः बिनतारी संकेतांच्या वाटपात 'व्ही' या अक्षराखालील मोठा भाग ब्रिटिश साम्राज्यातील प्रदेशांस मिळाला, त्यातील 'व्ही टी' पासून 'व्ही डब्ल्यू' पर्यंतचा हिस्सा भारताच्या वाट्यास आला, एवढेच त्याचे मूळ आहे. मुंबईकरांना ही अक्षरे बोरीबंदरच्या स्थानकामुळे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होती, हा निव्वळ योगायोग.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादेवरून जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते ज्या पस मॉथ विमानातून, त्याची नोंदणी-अक्षरे होती व्ही टी, ए डी एन. त्याच सालच्या आंतरराष्ट्रीय सूचीने ती वाचली तर व्हॅलेन्सिया, ट्रिपोली, ॲमस्टरडॅम, डेन्मार्क, न्यूयॉर्क असा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास घडतो; महायुद्धातील सूचीने वाचली तर व्हिक्टर, टेअर, एबल, डॉग, नॅन; आणि आजच्या सूचीने वाचली तर व्हिक्टर, टँगो, अल्फा, डेल्टा, नोव्हेंबर. विमान तेच, अक्षरे तीच, पण कानावर पडणारा काळ तिन्ही वेळा निराळा. अक्षरशब्दांच्या इतिहासाचा परिचय करून देण्यास याहून सुबक उदाहरण मला ठाऊक नाही.

समुद्रावर या शब्दांना ध्वजांचीही जोड आहे. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत प्रत्येक अक्षराचा एक ध्वज आणि, रोमिओचा अपवाद सोडल्यास, प्रत्येक एकट्या ध्वजाचा एक ठरीव अर्थ असतो. मुंबई बंदरात शिरणाऱ्या परदेशी जहाजावर लक्ष ठेवले तर उभ्या दोन भागांत अर्धा पांढरा व अर्धा तांबडा असा ध्वज दिसतो. तो हॉटेल, आणि त्याचा अर्थ 'बंदराचा वाटाड्या जहाजावर आहे'. संपूर्ण पिवळा ध्वज क्यूबेकचा : 'माझे जहाज निरोगी आहे, बंदरात मिसळण्याची परवानगी असावी'. एके काळी पिवळे निशाण रोगाच्या संशयाची खूण म्हणून भयप्रद होते, आणि १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईहून निघालेल्या जहाजांना परक्या बंदरांत कसला जाच सोसावा लागला हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्याच रंगाचा आजचा निर्धास्त अर्थ पाहून खचित समाधान वाटेल. ऑस्करचा अर्थ 'माणूस पाण्यात पडला', अल्फाचा 'पाणबुड्या खाली आहे, दूर राहा', आणि इंडियाचा 'मी डावीकडे वळत आहे'. सोव्हिएत पाणबुड्यांच्या वर्गांना पाश्चात्त्य राष्ट्रांनी याच सूचीतील नावे दिली. त्यामुळे १९६७ मध्ये आपल्या नौदलात दाखल झालेली पहिली पाणबुडी 'कळवरी' ही जगाच्या दप्तरात फॉक्सट्रॉट वर्गाची ठरली, तिच्याच वर्गातील 'कुरसुरा' आज विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभी आहे, आणि १९८६ पासून आलेल्या 'सिंधुघोष' व तिच्या भगिनी किलो वर्गाच्या म्हणून ओळखल्या गेल्या.

आता कोट्यांकडे वळू. सैनिकांनी या सूचीचा उपयोग संक्षेपासाठी केला आणि त्या संक्षेपाला हळूहळू स्वतंत्र बोलीचे रूप आले. 'आवाज मोठा व स्पष्ट आहे' याच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन लिमा चार्ली. 'वाटचाल सुरू आहे' यासाठी ऑस्कर माईक. आणि नौदलांत 'उत्तम कामगिरी' यासाठी ब्राव्हो झुलू, ज्याचा उगम मात्र आद्याक्षरांत नसून संकेतपुस्तकातील 'बी झेड' या नोंदीत आहे. बर्लिनच्या विभागणीच्या काळात जगप्रसिद्ध झालेले चेकपॉइंट चार्ली हे कोणा चार्लीच्या नावाचे नव्हते. हेल्मश्टेटजवळचे अल्फा आणि ड्रायलिंडनचे ब्राव्हो यांच्या मागोमाग येणारे ते तिसरे ठाणे, इतकाच त्याचा अर्थ. याच्या अगदी उलट दिशेची करमणूक लंडनच्या कष्टकरी वस्तीतील बोलीने केली. १९३० च्या दशकात क्लॅपहॅम आणि ड्वायर या विनोदी जोडीने लोकप्रिय केलेल्या 'कॉकनी वर्णमाले'त 'ए फॉर ऑर्सेस' असे ऐकू येते. लंडनकर 'ह' गिळतो हे ध्यानात घेतले की ते 'हे फॉर हॉर्सेस', म्हणजे घोड्यांसाठी गवत, असे उलगडते. 'बी फॉर मटन' म्हणजे 'बीफ ऑर मटन'. अक्षरशब्दाचे प्रयोजन संदिग्धता नाहीशी करणे हे असता, त्याच साच्यातून संदिग्धतेचा आनंद काढून दाखविणारा हा श्लेष भाषेच्या जिवंतपणाचा उत्तम पुरावा आहे.

परंतु अक्षरशब्द नेहमीच निष्पाप राहिलेले नाहीत, आणि हा भाग घाईने ओलांडण्याजोगा नाही. बर्लिनच्या दूरध्वनिपुस्तकात १८९० मध्ये अक्षरांसाठी आकडे दिलेले होते. १९०३ मध्ये त्यांच्या जागी व्यक्तिनामे आली, आणि त्यांत डेव्हिड, नाथन, सॅम्युएल, झकारियास ही बायबलमधील नावेही होती. १९३३ साली रोस्टॉक येथील एका नागरिकाने टपालखात्यास पत्र लिहून, ज्यू नावे या सूचीत ठेवणे आता उचित नाही, अशी हरकत घेतली. आणि १९३४ मध्ये खरोखरच डेव्हिडचा डोरा, नाथनचा नॉर्डपोल म्हणजे उत्तर ध्रुव, सॅम्युएलचा झिगफ्रीड आणि झकारियासचा झेपेलिन झाला. माणसांना हद्दपार करण्यापूर्वी त्यांची नावे दूरध्वनीच्या पुस्तकातून हद्दपार झाली. युद्धानंतर सॅम्युएल आणि झकारियास अधिकृत सूचीत परतले, नाथन परतला नाही. अखेर २०२२ मध्ये जर्मनीच्या मानकसंस्थेने व्यक्तिनामेच रद्द करून आखेन, बर्लिन, एसेन अशी नगरनामांची सूची जाहीर केली. अक्षरासाठी शब्द निवडणारा कारकूनसुद्धा समाजात कोणाला स्थान आहे आणि कोणाला नाही याचा निवाडा नकळत देत असतो, ही गोष्ट ज्यांना अतिशयोक्त वाटते त्यांनी एकट्या 'एन' या अक्षराचा हा इतिहास पाहावा.

इतर भाषांचे मार्ग थोडक्यात सांगता येतील. इटलीत डोमोदोस्सोला हे आल्प्सच्या पायथ्याचे छोटेसे गाव सर्व देशाला परिचित आहे ते मुख्यतः 'डी'चा शब्द म्हणून. मलय भाषेत 'लिमा' म्हणजे पाच, त्यामुळे त्या मुलखात हा अक्षरशब्द आकड्याशी टक्कर घेतो. जपानी माणूस 'असाहीतला अ', 'इरोहातला इ' असे सांगतो, आणि ही घडण मराठी कानाला अगदी घरची वाटते. रशियनमध्ये कठोर व मृदू या दोन चिन्हांनी कोणताच शब्द सुरू होत नाही, म्हणून त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावांनीच संबोधावे लागते.

रशियनची ही अडचण आपल्या 'ण' आणि 'ळ' यांची आहे, आणि मराठीने ती अधिक चातुर्याने सोडविली आहे. 'क कमळाचा', 'ब बदकाचा' असे म्हणणारा मराठी माणूस या दोन अक्षरांपाशी आला की विभक्ती बदलून 'बाणातला ण', 'बाळातला ळ' म्हणतो. शब्दाच्या आरंभाचा आग्रह सोडून तो शब्दाच्या पोटातील अक्षराकडे बोट दाखवितो. 'श' आणि 'ष' यांच्या उच्चारांत आज भेद उरलेला नाही, तेथे तो ध्वनी सोडून आकृतीचा आधार घेतो आणि 'पोटफोड्या ष' म्हणतो. ऱ्हस्वदीर्घासाठी पहिली व दुसरी वेलांटी आहे. 'ज्योत्स्ना' हे नाव दूरध्वनीवर सांगणारी बाई 'अर्ध्या ज ला य, त्याला काना-मात्रा, मग अर्धा त, अर्धा स आणि न ला काना' असे सांगते, तेव्हा ती व्याकरणाची एक संपूर्ण परंपरा सहजी वापरीत असते.

अशा युक्त्यांत आपण नवखे नाही. करपल्लवी या नावाने ओळखली जाणारी हस्तसंकेतांची जुनी विद्या अक्षरशब्दांवरच उभी आहे : नागाच्या फणीसारखा हात केला की स्वर, कमळाची मुद्रा म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टंकार म्हणजे ट-वर्ग, तरू म्हणजे त-वर्ग, पल्लव म्हणजे प-वर्ग, वर्गातील कितवे अक्षर ते बोटांनी दाखवायचे आणि मात्रा चुटकीने. क-वर्गासाठी कमळ निवडणारा तो अनामिक आणि मुलाला 'क कमळाचा' शिकविणारी आजची शिक्षिका एकाच वाटेने चालत आहेत. आकड्यांसाठी आपल्याकडे भूतसंख्या होत्या : चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद चार, बाण पाच, ऋतू सहा, ग्रह नऊ; आणि वाचन उजवीकडून डावीकडे. या रीतीने 'चंद्र-बाण-ग्रह-चंद्र' असे लिहिले म्हणजे १९५१ होते, आणि वैमानिकांची नवी सूची अंमलात आली ते साल हेच. छंदात बसणे हे भूतसंख्येचे एक प्रयोजन खरे. परंतु अंकाची सुटी आकृती नक्कलकाराच्या हातून जितक्या सहज बिघडते तितका सहज पूर्ण शब्द बिघडत नाही, हा तिचा लाभ बिनतारीच्या तत्त्वाशी तंतोतंत जुळतो.

असे असूनही आजच्या मराठी व्यवहाराची स्थिती समाधानकारक नाही. इंग्रजी अक्षरे सांगताना आपण 'एम फॉर मुंबई', 'एन फॉर नागपूर', 'डी फॉर दिल्ली' म्हणतो, किंवा शाळेतील 'डी फॉर डॉग'चा आश्रय घेतो. मुंबई पोलिसांच्या गाडीला 'पीटर' म्हणतात, आणि पीटर हा महायुद्धकालीन सूचीतील 'पी'. नागपुरात दुचाकीवरील पोलिसांना 'चार्ली' म्हणतात. देवनागरीसाठी मात्र ज्याला जो सुचेल तो शब्द, अशी मोकळीक आहे. कोणी 'ग गणपतीचा' म्हणतो, कोणी 'ग गवताचा'. अंकलिपीतील शब्द चित्र पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसाठी निवडलेले आहेत, खरखरीत ऐकणाऱ्या कारकुनाच्या कानांसाठी नव्हेत. 'ब' आणि 'भ', 'द' आणि 'ध', 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांचे घोटाळे दूरध्वनीवर रोज होतात. सात आणि साठ यांचाही होतो. काळे यांचे काले झाले की सातबाऱ्यापासून बँकेच्या खात्यापर्यंत दुरुस्तीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातील जाहिराती यांचे सत्र सुरू होते, आणि त्याचा भार ज्याच्याजवळ वेळ व पैसा सर्वांत कमी त्याच्यावर सर्वांत अधिक पडतो.

म्हणून भाषा संचालनालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी आपल्या विद्यापीठांतील ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांना हाताशी धरून मराठीची एक अक्षरशब्द-सूची सिद्ध करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शब्द दोन-तीन अक्षरांचे, घरोघर परिचित आणि कोणत्याही जातिधर्माचा पक्ष न घेणारे असावेत; 'बाणातला' आणि 'पोटफोड्या' ही लोकांनीच घडविलेली साधने त्यात सन्मानाने घ्यावीत; आणि मसुदा समितीच्या मेजावर पक्का न करता कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, गोवा व बेळगाव येथील श्रोत्यांना खरखरीत दूरध्वनीवरून ऐकवून पाहावा, सुट्या शब्दांत आणि सलग माळेतही. जे शब्द त्या परीक्षेत गळतील ते, कितीही सुंदर असले तरी, काढून टाकावेत. तोवर वाचकांनी निदान आपल्या घरातील प्रत्येकाचे नाव दूरध्वनीवर कसे सांगायचे, हे एकदा ठरवून लिहून ठेवावे.